बूबूनं पालथी केलेली कुंडी

बूबू कुणाच्याही परसात शिरली की आधी माणसांकडं बघायचीच नाही. डोक्यावरची पाटी उतरवायची, पदर कमरेला खोचायची आणि खाली बसून कुंडीच्या भोकात करंगळी घालायची. बोट कोरडं ठणठणीत निघालं तर एक शिवी, चिखलानं भरून निघालं तर दोन. मग मान वर करून म्हणायची, "हं, आता बोला. बऱ्या हायसा न्हवं?" शिवी आधी आणि विचारपूस मागनं, अशी तिची रीत. परक्या माणसाला वाटायचं, ही बाई भांडायलाच आली आहे. खोटं नव्हतं ते. ती बऱ्याचदा भांडायलाच आलेली असायची.

आमच्या पेठेत तिला कलमवाली बूबू म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आता सांगायला कुणी उरलं नाही. तिचा नवरा एका सरदारांच्या बागेत माळी होता. मोसंबी, चकोत्रा, महाळुंग, चिक्कू असली झाडं लावायची तेव्हाच्या कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात मोठ्या लोकांना भारी हौस. पुढं नवऱ्याची नजर अधू झाली. तेव्हापासून दहा वर्षं तिथं डोळे भरायचं काम, म्हणजे चांगल्या झाडाची कळी काढून रानटी जंबेरीच्या खुंटावर बसवायचं काम, बूबूच्याच हातचं होतं. नाव मात्र नवऱ्याचं. प्लेगात तो गेला. कारभाऱ्यानं तिला सांगितलं, बाईमाणसाला बागेवर ठेवायची पद्धत नाही. आणि ज्या गड्याला ठेवलं तो पहिल्याच थंडीत हिच्या दारात आला विचारायला, की डोळा उलटा बसला तर चालतोय का. हे सांगताना बूबू हसायची नाही. "मी म्हटलं, चालतोय की. तुजं डोस्कं उलटं बसलंय ते चाललंय न्हवं?"

त्यानंतर तिनं रॉकेलचे जुने डबे गोळा केले, कुंभाराकडनं फुटक्या कडांच्या कुंड्या फुकट उचलल्या आणि आपल्या बोळातल्या अंगणात बाग मांडली. कुंभाराशीही तिचं वाजायचं, ते भोकावरनं. तो बुडाला भोक पाडायचा. हिचं म्हणणं, भोक बुडाला नको, बुडाच्या वर बोटभर, कडेला हवं. बुडाचं भोक जमिनीला टेकलं की मुकं होतं. कुंभार म्हणाला, माझ्या बापजाद्यांनी अशीच केली. तिनं त्याच्याच चाकावरची ओली कुंडी उचलली आणि बोटानं कडेला भोक पाडून दाखवलं. त्या दिवसापासून आमच्या पेठेतल्या कुंड्या तशाच व्हायला लागल्या.

दोन थंड्या गेल्या की कुंडीतलं झाड बाहेर काढायचं, हा तिचा नेम. कुंडी आडवी करायची, काठाला तळव्यानं चार थापा द्यायच्या, की तव्यावरची भाकरी सुटावी तसा मातीचा गोळा सुटून यायचा. मग कमरेचा चाकू काढून ती गोळ्याभोवतीची वेटोळी मुळं कराकरा तासायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. पण बूबू तेवढ्यावर थांबायची नाही, वरच्या फांद्याही छाटायची. "कमावणारं कमी झालं की खाणारं कमी कराय नगं?" मग खाली खापऱ्या, वर पोयट्याची माती आणि दोन वर्षं मुरलेलं शेणखत, आणि झाड आठ दिवस सावलीत. बायका लगेच तांब्या घेऊन धावायच्या. ती तांब्या हातातनं हिसकावून घ्यायची. म्हणायची, "पाणी काय कुणीबी वततंय. हात आवरायला कुणाला येतंय?"

मी शाहूवाडीकडच्या डोंगरातली. भाताच्या चिखलात वाढलेली. लग्न होऊन कोल्हापुरात आले ती गोषाच्या घरात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरबारच्या पागेत होते. घरात सत्ता आत्याबाईंची, माझ्या सासूबाईंची. पुढच्या चौकाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, मागच्या परसाच्या बाहेर डोकवायचं नाही. त्या परसात चार लिंबं होती, एक पेरू होता, आणि महिन्या-दीड महिन्यानं मागच्या दारानं येणारी बूबू होती. तिनं मला मायेनं जवळ घेतलं असं मी लिहिणार नाही. पहिल्यांदा तिनं माझ्या हातावर फटका मारला. मी वासासाठी लिंबाचं पान खुडलं होतं. "त्याचं खायाचं ताट हाय ते," म्हणाली. फटका झाल्यावर मात्र तिनं मला शेजारी बसवून गुटी बांधायला शिकवली. फांदीची साल बांगडीसारखी सोलायची, तिथं ओली माती आणि शेवाळ थापायचं, वर गोणपाट गुंडाळायचं. वरच्या फांदीला गाडगं टांगायचं, त्याच्या भोकातनं चिंधी सोडायची, की थेंब थेंब पाणी गुटीवर येत राहतं. पावसाळाभरात तिथं मुळं धरतात आणि मग फांदी खालनं कापली की नवं झाड. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं पुढं मुलांच्या पाटीवरनं शिकले. पण गुटी मला अक्षरांच्या आधी आली.

आता महाळुंगाचं सांगते.

आमच्या घरात महाळुंगाची, म्हणजे त्या मोठ्या जाड सालीच्या लिंबाची, कुंडी होती. बूबूनंच गुटी बांधून आणलेलं झाड. आंबाबाईच्या हातात महाळुंग असतं, म्हणून आत्याबाईंना त्याचं फार. पहिलं फळ धरलं तेव्हा त्यांनी नवस बोलला, दर नवरात्राला ह्या झाडाचं फळ देवीच्या ओटीत घालीन, वंशाला दिवा दे. झालं. त्या दिवसापासून ते झाड देवीचं झालं. परसातनं उचलून पुढच्या चौकात तुळशीशेजारी आणलं. माझी अडचण असेल तेव्हा मी चौकातही यायचं नाही. आणि बूबूनं तर त्याला हातच लावायचा नाही. देवीच्या झाडाला मुसलमानाचा हात चालत नाही, असं आत्याबाईंनी तिला तोंडावर सांगितलं. ज्या हातानं ते झाड जन्माला घातलं, तोच हात. त्या दिवशी परसातल्या लिंबाला बूबूनं इतक्या शिव्या दिल्या की लिंबाला कळलं नसेल आपलं काय चुकलं.

तीन वर्षं त्या कुंडीतली माती बदलली नाही. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली. मग मऊ होऊन गळायला लागली. धरलेली दोन फळं सुपारीएवढी असताना पडली. माझ्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झालेली, मी विशीत आलेली, आणि मूल नाही. आत्याबाईंनी दोन्ही गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या. शिवाशिव कुणी केली, असं त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं. आणि मी खाली मान घातली, कारण मी झाडाला शिवले होते.

आषाढातली गोष्ट. सगळे जेवून आडवे झाले होते. मी बाजूला बसलेली, अडचणीच्या दिवसांत बायकांना बसवायचे त्या सरपणाच्या लाकडाच्या खोलीत. फटीतनं चौक दिसायचा. ते झाड असं काही माना टाकून उभं होतं की बघवेना. वाटलं, तहानलंय बिचारं. तांब्याभर पाणी नेऊन घातलं आणि पान उचलून धरलं. एवढंच. धाकट्या नणंदेनं पाहिलं होतं. माझ्यानंच देवीचं झाड मेलं असं घरानं ठरवलं, आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. आज मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो.

घटस्थापनेच्या आत मला माहेरी घालवायची असं ठरलं. नांदायला परत आणायचं नाही, ह्यांच्यासाठी दुसरी बघायची. आमचे हे समोर बसून पानाला चुना लावत होते. लावत राहिले. वडलांना निरोप गेला, ते बैलगाडी घेऊन आले. सोप्यात मामंजींच्या समोर अवघडून बसले. मी आतून ऐकत होते, आता बाबा विचारतील, माझ्या लेकीचा गुन्हा काय. बाबा म्हणाले, आमच्याच संस्कारात कमी पडलं म्हणायचं.

त्याच दिवशी बूबू मागच्या दारानं लिंबाच्या गुट्या उतरवायला आली. मी परसात बोचकं घेऊन बसलेली. तिनं विचारलं, रडतीस कशाला. मी सगळं सांगितलं, तांब्यासकट. मला वाटलं, ही तरी पाठीवरनं हात फिरवील. ती कडाडली.

"तूबी वतलंस व्हय? सासू सकाळी देवाचं तीर्थ वतणार, तू दुपारी दया वतणार, आन वरनं पाऊस. पान वाळून कुरकुरीत झालतं का मऊ पडलतं?"

"मऊ. पिवळं."

"मग तहान कुठली गं? बुडतंय ते." आणि मग, "चौक सारवतंय कोण?"

मी सांगितलं, आत्याबाई स्वतः सारवतात, दर शुक्रवारी. त्या कुंडीच्या जवळ मला येऊच देत नाहीत. आणि देवीची कुंडी म्हणून नुसती जमीन नाही, कुंडीही खालून चार बोटं शेणानं सारवतात. वर गेरूचा पट्टा ओढतात.

बूबूनं चाकू कमरेला खोचला. पाटी तिथंच टाकली. आणि ज्या घरात मागच्या उंबऱ्याच्या आत तिला कधी कुणी घेतलं नव्हतं, त्या घराच्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळातनं ती सरळ पुढच्या चौकात गेली. मी मागनं पळाले. आत्याबाई ओरडल्या, ह्यांनी पान खाली ठेवलं, बाबा उभे राहिले. बूबूनं कुणाकडं पाहिलं नाही. कुंडी आडवी केली आणि काठावर तळवे मारायला लागली. भाकरीसारखा गोळा सुटला नाही. काळं पाणी आलं आधी, भसकन, आणि त्याच्या मागनं वास. सारवलेल्या चौकात ते पाणी मामंजींच्या जोड्यांपर्यंत गेलं.

तिनं एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं. साल सुटून तिच्या हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. मग तिनं कुंडी फिरवली आणि कडेचं भोक शोधलं. ते दिसतच नव्हतं. चाकूच्या टोकानं खरवडल्यावर शेणाचा बूच निघाला, चांगला बोटाएवढा, थरावर थर बसलेला. तो तिनं आत्याबाईंच्या समोर पायरीवर ठेवला.

"वैनीसाब, हे बगा. तीन वर्साचं शुक्रवार हाईत ह्यात. तुमच्या सुनंच्या एका तांब्यानं झाड मरत न्हाय. तिला हितं याला तरी मिळालंय का सारवायला?"

आत्याबाई म्हणाल्या, हिनं देवीचं झाड बाटवलं. बुचाकडं त्यांनी पाहिलंच नाही. आजपर्यंत मला कोडं आहे, डोळ्यांसमोर ठेवलेली गोष्ट माणूस कसं काय पाहत नाही. पण मामंजी उठले. फार बोलणारे नव्हते ते. घोड्यांत आयुष्य गेलेलं. ते वाकले, ते काळं मूळ उचलून नाकाशी नेलं आणि म्हणाले, "पागंत ओल्यात उभ्या केलेल्या घोड्याचं खूर कुजतंय, तेचा असाच वास येतोय. त्येला करणी लागत न्हाय. ओल लागती." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सून कुठं जात न्हाय."

बूबूनं हात चौकातल्या बादलीत धुतले. ती बादलीही नंतर मोडीत गेली. जाताना बाबांच्या समोर थांबली.

"पावणं, लेकीला न्यायाला आलतासा न्हवं? गाडी रिकामी न्या. आन पुढच्या बारीला कुणी बोलवलं, तर आदी इचारा, का म्हणून."

बाबांनी मला नीट राहा म्हणून सांगितलं आणि गेले. नीट राहा! जसं काही मी बिनसवलं होतं. त्यांच्यावरचा राग मी त्यांना कधी दाखवला नाही. ते गेल्यावरही तो गेला नाही.

मी राहिले. चुकलं आमचं, असं त्या घरात कुणी म्हटलं नाही. ह्यांनी संध्याकाळी ताट वाढायला सांगितलं, तेवढंच. चौक गोमूत्रानं धुऊन निघाला, मेलेलं झाड पंचगंगेत सोडलं आणि बूबूला आमचं मागचं दार बंद झालं. आत्याबाई तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी गिळलं असतं. त्यांनी पेठेत सांगायला सुरुवात केली की बूबूचा हात वाईट. तिनं हात लावला आणि देवीचं झाड काळं पडलं. देवीच्या नावानं सांगितलेलं खोटं घराघरांत किती लवकर पोचतं बघा. ज्यांच्या परसातली सगळी लिंबं बूबूच्या हातची, त्या बायकांनीही तिला बोलवणं सोडलं.

ती मात्र यायची. मागच्या बोळातनं पाटी घेऊन हाका घालत जायची, मोसंबी घ्या, चिक्कू घ्या, पेरू घ्या. आमच्या दारापाशी आली की हाक थांबायची. जाणूनबुजून थांबायची ती, कडीकडं बघत असणार. मी आत, कडीला हात लावून. दार उघडलं असतं तर आत्याबाईंनी मला ठेवलं असतं का, हाच विचार. ज्या बाईनं माझं घर राखलं, तिला मी त्याच घराच्या भीतीनं दार उघडलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. डोळे भरायचे थंडीचे दिवस आले, तिच्या कमाईचे दिवस, तेव्हाही नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोपा बायकांनी भरला होता. कुणीतरी विचारलं, महाळुंग दिसत नाही. आत्याबाईंनी पुन्हा ते सुरू केलं, बूबूचा हात, काळं पाणी, देवीचा कोप. मी तिळगुळाचं ताट फिरवत होते. कुठनं आलं ठाऊक नाही, पण ते ताट मी खाली ठेवलं आणि म्हणाले, "बूबूच्या हातानं न्हाय मेलं. आमच्या घरच्या सारवणानं मेलं. भोक आम्ही बुजवलं. बूच मी बघितलाय, मामंजींनी बघितलाय." आवाज केवढा निघाला मलाच कळलं नाही. पाटलांच्या वहिनी हातातली वाटी घेऊन तशाच बसल्या. आत्याबाई माझ्याशी चैत्र येईतो बोलल्या नाहीत. त्याचं मला काही वाटलं नाही. मी वाट बघत होते बूबूच्या हाकेची. ह्या वेळी कडी काढायची असं ठरवून बसले होते.

हाक आली नाही. आठ दिवसांनी कळलं, ती संक्रांतीच्या आधीच गेली होती. राधानगरीला धरणाचं काम चाललं होतं, तिथं तिचा जावई दगड फोडायच्या कामावर होता. डबे, कुंड्या गाडीत घातल्या आणि गेली. माझं बोलणं ऐकायला पेठेत सगळ्या होत्या, तीच नव्हती. मग दोन-चार घरच्या बायका कुजबुजत मला विचारायला आल्या, बूबूला कुठं निरोप धाडायचा, आमची लिंबं कुंडीत दाटली आहेत. मी म्हटलं, आता जा राधानगरीला चालत.

पुढं काही वर्षांनी पागेतला एक गडी राधानगरीकडनं आला. बाजारात एक म्हातारी मोसंबीची कलमं विकते आणि गिऱ्हाइकाला शिव्या देते, असं सांगत होता. मी मामंजींच्या परवानगीनं त्याच्याकडं निरोप दिला. सगळा दिला, कडीचाही, हळदीकुंकवाचाही. माझ्यामुळं तुमच्या पोटावर पाय आला, मला माफ करा, असं सांगायला सांगितलं. महिन्यानं तो उत्तर घेऊन आला. बिचारा सांगताना अडखळत होता, कारण मधल्या शिव्या गाळत होता.

"ती म्हणाली, तुज्यामुळं न्हाय, तुज्या सासूमुळं. उगा सोताच्या अंगावर घेऊ नगंस. आन आता वरडाय येतंय न्हवं? मग मला कशाला सांगतीस. घरात वरड."

त्यानंतर तिची खबर आली नाही. ती कधी गेली, कुठं पुरली, मला माहीत नाही.

पुढं मला मुलं झाली. माझी थोरली लेक वयात आली तेव्हा आत्याबाई थकल्या होत्या, पण काठी टेकत लाकडाच्या खोलीपर्यंत गेल्या आणि तिच्यासाठी तिथं घोंगडं अंथरायला लागल्या. पोर दारात उभी होती, माझ्याकडं बघत. मी ओरडले. चौकातनं, सोप्यातनं, पार कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. आमचे हे पान तसंच टाकून बाहेर आले आणि म्हणाले, काय झालं. मी ते घोंगडं उचलून त्यांच्या हातात दिलं.